वेल्समधल्या सेंट फॅगन्स संग्रहालयातलं जुनं शेतघर लालभडक का रंगवलंय?

तुम्ही विचारताय ते केनिक्स्टन फार्महाऊस. मूळचं ते गावर द्वीपकल्पातल्या लँगेनिथचं. तिथून दगड सुटे करून आणून कार्डिफजवळच्या या संग्रहालयात पुन्हा उभं केलं आणि 1955 मध्ये लोकांसाठी खुलं झालं.

लाल रंग भुताखेतांना, दुष्ट शक्तींना लांब ठेवतो अशी समजूत होती. अंगणात लाल फळांचं रोवनचं झाड लावायचं तेही त्यासाठीच.

खरी मजा मात्र बांधणीत आहे. हे घर एका दमात झालेलं नाही. सर्वांत जुना भाग साधारण 1610 चा. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अठराव्या शतकात, जसजसं जमलं तसतशा खोल्या जोडल्या गेल्या. जाड दगडी भिंती, वर शाकारलेलं छप्पर आणि त्याखाली पेंढ्याची विणलेली चटई. चुलाण्याशेजारी कपाटासारखा बंदिस्त पलंग आहे. तिथल्या थंडीत ऊब मिळवायची याहून चांगली जागा नाही!

यावरून वेल्समधली सगळी घरं दगडीच होती असं समजू नका. त्याच आवारात डेन्बीशरचं हेंद्रर-इविद उखाव नावाचं घर आहे, 1508 च्या लाकडाचं. वाकड्या ओंडक्यांचा सांगाडा, मधे कुडाच्या भिंती, खिडक्यांना काच नाही, धुराडंही नाही. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं. मला विचाराल तर लाल घरापेक्षा हेच आधी बघा.