‘कम्प्राइझेस ऑफ’ असं काही नसतं

प्रश्न असा आहे: इंग्रजीत अहवाल लिहिताना ‘समावेश’ म्हटलं की दर वेळी ‘इन्क्लूड’च लिहिलं जातं. कंटाळा टाळायला कम्प्राइझ, कन्सिस्ट, कन्टेन, इन्कॉर्पोरेट हे शब्द आलटूनपालटून वापरले तर चालेल का?

नाही चालणार. एकाच्या जागी दुसरा घातला की अर्थ सरकतो आणि बऱ्याचदा व्याकरणही मोडतं. परिपत्रकं, निविदा, बातम्या, कुठेही पाहा: ‘द कमिटी कम्प्राइझेस ऑफ फाइव्ह मेंबर्स’. हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यातला ‘ऑफ’ कुणाला खटकतही नाही. तो तिथे नकोच आहे. ‘कन्टेन्स ऑफ’ म्हणून बघा, लगेच कानाला टोचेल. ‘कम्प्राइझ’ त्याच जातीचं क्रियापद आहे.

का, ते व्युत्पत्तीत दिसतं. लॅटिनमधलं ‘प्रेहेन्देरे’ म्हणजे पकडणं, हाताने धरणं. त्याला ‘कॉम’ लागून ‘कॉम्प्रेहेन्देरे’ झालं, आणि फ्रेंचमधून ते ‘कम्प्राइझ’ या रूपात इंग्रजीत आलं. प्रिझन, सरप्राइझ, एंटरप्राइझ, अॅप्रेंटिस हे सगळे याच कुळातले. ‘कॉम्प्रिहेन्ड’ तर सख्खं भावंड. तेव्हा ‘कम्प्राइझ’ म्हणजे सगळे घटक एका मुठीत धरणं. धरणं सकर्मक आहे: मूठ बोटांना धरते, समिती पाच सदस्यांना धरते. कर्म थेट येतं, मध्ये ‘ऑफ’ला जागा नाही. (मराठीतला ‘ग्रहण’, ‘संग्रह’ यांचा ‘ग्रह्’ धातूही पकडण्याचाच, पण तो ‘प्रेहेन्देरे’चा नातेवाईक नाही. ‘प्रेहेन्देरे’चं नातं इंग्रजी ‘गेट’शी आहे.)

आणि मराठीत बघा. ‘मला धरून पाच जण’, ‘जीएसटी धरून बाराशे’, ‘दोन्ही दिवस धरून पंधरा दिवस’. इंग्रजी ‘इन्क्लूडिंग’ला आपल्या बोलीतला प्रतिशब्द ‘धरून’ आहे आणि त्याच्या उलट ‘सोडून’. ‘समाविष्ट’ हा शब्द कागदावरचा. त्यात ‘विश्’, म्हणजे आत शिरणं. एवढा एकच शब्द हाताशी असल्यामुळे इंग्रजीतली सगळी चित्रं आपल्याला सारखी वाटू लागतात आणि लिहिणारा कोशातून कुठलाही पर्याय उचलतो.

आता ‘कन्सिस्ट’. याच्याइतकी देखणी व्युत्पत्ती या घोळक्यात दुसरी नाही. लॅटिन ‘सिस्तेरे’ म्हणजे उभं करणं, उभं राहणं. लॅटिन ‘सिस्तित्’ आणि संस्कृत ‘तिष्ठति’ ही एकाच मूळ धातूची, धातूचं पहिलं अक्षर दुप्पट करून बनलेली रूपं आहेत. म्हणजे ‘कन्सिस्ट’मध्ये आपला ‘स्था’ बसलेला आहे. त्याच्या आधी ‘कॉन’, म्हणजे एकत्र. संस्कृतात तीच जुळणी केली तर काय मिळतं? सम् + स्था. संस्था! ‘द इन्स्टिट्यूशन कन्सिस्ट्स ऑफ…’ असं वाक्य वाचाल तेव्हा संस्था उभी राहते आहे, असं वाचा. ‘कॉन’ आणि ‘सम्’ मुळात एक नाहीत, अर्थाने जुळतात एवढंच. ‘कॉन्सिस्तेरे’चा लॅटिनमध्ये ‘ठाम उभं राहणं, थांबणं’ असाही वापर होता, त्यामुळे इथला ‘कॉन’ निव्वळ जोर देणारा आहे असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. जोर देणाऱ्या उपसर्गातून पुढे ‘घटक मिळून बनणं’ हा अर्थ कसा निघाला, हे त्या मताने सुटत नाही. ‘एकत्र उभं राहणं’ यातून तो सरळ निघतो.

व्याकरणही यातूनच कळतं. उभं राहणं अकर्मक आहे, त्याचं कर्मणी रूप होत नाही, म्हणून ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ कधीच बरोबर नाही. आणि घटकांपासून उभं राहायचं, म्हणून इथे ‘ऑफ’ हवाच. ‘कन्सिस्ट इन’ वेगळं: एखाद्या गोष्टीचं सार कशात आहे, ते सांगायला.

‘इज कम्प्राइझ्ड ऑफ’बद्दल मात्र भांडण आहे. मेरियम-वेबस्टर कोश सांगतो की हा वापर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आहे, आणि त्याला हरकत घेणारे आजही आहेत हेही नोंदवतो. वापर जुना आहे, मान्य. पण चूक जुनी झाली म्हणून उपयोगी होत नाही. ‘इज कम्पोज्ड ऑफ’ आणि ‘इज मेड अप ऑफ’ हातात असताना मूठ उलटी करून बोटांनाच मूठ म्हणायची गरज काय? इंग्रजी शब्दवापराचा प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ साली ‘इन्क्लूड’ आणि ‘कम्प्राइझ’मधला फरक नेमका सांगितला होता: ‘इन्क्लूड’नंतरची यादी पूर्ण असेलच असं नाही, ‘कम्प्राइझ’नंतरची पूर्ण मानायची. समितीत पाच जण आहेत आणि पाचही नावं दिली आहेत, तर ‘इन्क्लूड्स’ चूक. वाचणारा सहावा शोधत बसेल. आणि ‘इन्क्लूड्स’ लिहून शेवटी ‘एटसेट्रा’ जोडणं म्हणजे तीच गोष्ट दोनदा सांगणं.

‘इन्क्लूड’चं मूळ ‘क्लाउदेरे’, म्हणजे बंद करणं. क्लोज, क्लॉज, क्लॉइस्टर सगळे तिथलेच. दार लावून घेणाऱ्या शब्दाची यादी मात्र उघडी राहते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कायद्यात याला मोठी किंमत आहे. व्याख्येत ‘मीन्स’ असेल तर ती बंद, ‘इन्क्लूड्स’ असेल तर साधारणपणे उघडी, आणि ‘मीन्स अँड इन्क्लूड्स’ असेल तर पुन्हा बंद. भारतीय संविधानाच्या १२व्या अनुच्छेदात ‘राज्य’ म्हणजे शासनसंस्था, तिची व्याख्या ‘इन्क्लूड्स’ने केली आहे. त्यातल्या ‘इतर प्राधिकरणे’ या शब्दांतून १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने एलआयसी आणि ओएनजीसी यांनाही राज्यात धरलं. उलट ७९व्या अनुच्छेदात संसदेसाठी ‘कन्सिस्ट ऑफ’ आहे: राष्ट्रपती आणि दोन सभागृहं. तिथे चौथं काही शिरत नाही.

पेटंटवाल्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि तिथे फाउलर लागू करू नका. पेटंटच्या दाव्यात, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या मजकुरात, ‘कम्प्राइझिंग’ म्हणजे उघडी यादी. ‘हळद, आलं आणि मध कम्प्राइझिंग मिश्रण’ असा दावा असेल, तर त्यात मिरी घालणाराही दाव्याच्या कक्षेत येतो. ‘कन्सिस्टिंग ऑफ’ लिहिलं असेल, तर मिरी घालून तो सुटतो. मसुदा करणाऱ्याने एक शब्द चुकवला की संरक्षणच आकसतं.

‘कन्टेन’ भांड्याचा शब्द आहे, ‘तेनेरे’ म्हणजे धरून ठेवणं. पाकिटावर ‘कन्टेन्स पीनट्स’ असतं, कारण शेंगदाणे आत आहेत, पाकीट शेंगदाण्यांचं बनलेलं नाही. ‘एन्कम्पास’ व्याप्तीसाठी ठेवा: अभ्यासक्रम, कार्यक्षेत्र.

राहिला ‘इन्कॉर्पोरेट’, ज्याचा सर्वाधिक दुरुपयोग होतो. ‘कॉर्पुस’ म्हणजे शरीर. इन्कॉर्पोरेट करणं म्हणजे शरीराचा भाग करून टाकणं, पुन्हा वेगळं काढता येणार नाही असं. केकच्या पिठात मैदा ‘इन्कॉर्पोरेट’ होतो, वरून टाकलेले बेदाणे नाही. मराठीत याला हुबेहूब शब्द आहे: अंगीकार. अंग नव्हतं ते अंग करणं. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘अंगीकृत’ आहे तो हाच. कंपनी ‘इन्कॉर्पोरेट’ होते तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तिला स्वतःचं शरीर मिळतं, म्हणून ‘बॉडी कॉर्पोरेट’. ईस्ट इंडिया कंपनीच्या १६०० सालच्या सनदेतही हेच शब्द आहेत.

म्हणून कार्यालयात ‘सजेशन्स इन्कॉर्पोरेटेड’ लिहिण्याआधी मसुदा उघडून बघा. सूचनांप्रमाणे परिच्छेद बदलले असतील तर शब्द बरोबर. सूचना नुसत्या परिशिष्टात जोडल्या असतील तर ‘अॅपेन्डेड’ लिहा. समितीत नवा माणूस घेतला तर ‘इन्कॉर्पोरेट’ नको, ‘को-ऑप्ट’ किंवा साधं ‘अॅड’. आणि समितीत पाच जण आहेत एवढंच सांगायचं असेल तर ‘द कमिटी हॅज फाइव्ह मेंबर्स’.