रत्नागिरीहून दुबई: डबे, गाडी आणि गणपती

गणपती उरकून सप्टेंबरअखेर निघताय, कुटुंब चार महिन्यांनी येणार. मासे मिळतील का, रत्नागिरीचं लायसन्स चालेल का आणि पुढच्या वर्षी घरी गणपती बसवता येईल का, हे तुमचे तीन प्रश्न. चौथा तुम्ही विचारला नाहीत, पण तो विमानतळावरच आडवा येतो, म्हणून आधी तो घेतो.

खसखस. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत धरतात, मग चमचाभर असो की पुडीभर. मुद्दाम कोणी नेत नाही, ती लपून जाते. मालवणी मसाल्यात असते, करंजीच्या सारणात असते, अनारशाला तर वरूनच थापलेली असते. तेव्हा मसाला कांडायला देतानाच खसखस वगळायला सांगा. आणि ‘भाच्याला एवढं पोचवा’ म्हणून आळीतून येणारा प्रत्येक डबा उघडून बघा. शेजाऱ्यांना वाईट वाटलं तर वाटू दे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही चेक-इन बॅगेत घालू नका. त्यातल्या तेलामुळे त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून तपासणीत काढून टाकतात. खोबरं इथे मिळतंच. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेलं औषध चालू असेल, तर इथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी निघण्याआधी काढा.

बॅगेतली जागा आमसुलं, तिरफळं आणि कुळथाच्या पिठाला द्या. केरळी दुकानात आमसुलासारखं जे काळंकुट्ट फळ मिळतं ती कुडमपुळी. तिने आंबटपणा येतो, पण सोलकढीला रंग चढत नाही आणि धुराचा वास मागे राहतो. तिघांच्या घराला वर्षभर किलोभर आमसुलं आणि शंभर ग्रॅम तिरफळं पुरतात. उकडा तांदूळ मात्र वाहून आणू नका. केरळचा लाल मट्टा इथे सगळीकडे आहे. दाणा जाड, शिजायला वेळ लागतो, पण पेज झकास होते.

मासे भरपूर. देऱ्याचा (दुबईच्या जुन्या भागाचा) जुना मासळीबाजार २०१७ साली वॉटरफ्रंट मार्केटमध्ये हलला, तो गाठा. फक्त सुरमईसाठी थोडं थांबावं लागेल. इथली बरीच सुरमई ओमानहून येते आणि तिथे १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर तिच्या मासेमारीला बंदी असते. म्हणजे आपल्याकडची जून-जुलैची बंदी संपवून तुम्ही थेट दुसऱ्या बंदीत उतरताय! दुकानात विकणारे बहुतेक मल्याळी, त्यामुळे माशांची मल्याळी नावं पाठ करा: बांगडा म्हणजे अयला, तारली म्हणजे मत्ती, सुरमई म्हणजे अयकूरा किंवा नेयमीन, पापलेट म्हणजे आवोली. अरबीत सुरमईला कनाद आणि पापलेटला झुबैदी म्हणतात. बाजारात मासा अख्खा घ्यायचा, साफ करून देणारे वेगळे बसतात आणि त्यांचे पैसे वेगळे. काही सांगितलं नाही तर तुकडे जाड पडतात. तळायचे असतील तर जाडी बोटाने दाखवा.

आता गाडी. भारतीय लायसन्स नुसतं बदलून मिळत नाही. एमिरेट्स आयडी (इथलं रहिवासी ओळखपत्र) हातात आला की डोळे तपासून ड्रायव्हिंग इन्स्टिट्यूटमध्ये फाइल उघडायची, मग संगणकावरची लेखी परीक्षा, मग आवारातली पार्किंगची आणि शेवटी रस्त्यावरची. किती वर्षांचं जुनं लायसन्स आहे त्यावर सक्तीचे तास कमी होतात, म्हणून मूळ लायसन्स बरोबर ठेवा. नापास झालात की पुन्हा जादा तास आणि जादा पैसे. आपली माणसं गडबडतात ती दोन जागी. एक, लेन बदलताना आरशात बघतात, पण मान वळवून खांद्यामागे बघत नाहीत. दुसरी गोलचक्कर. इथे वाहनं उजवीकडून चालतात, चक्कर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या सर्कलला लागलेली सवय बरोबर उलटी करायची. स्कूलबसचा स्टॉप फलक उघडला की थांबायचंच, नाहीतर १००० दिरहम दंड आणि १० काळे गुण. २४ गुण झाले की लायसन्स जप्त. चालतानाही जपा: झेब्रा किंवा पूल सोडून रस्ता ओलांडला तर ४०० दिरहम.

लायसन्स मिळेपर्यंत मेट्रो. भाड्यासाठीचं चंदेरी नोल कार्ड २५ दिरहमचं, त्यात १९ वापरायला मिळतात. भाडं झोनप्रमाणे ३, ५ किंवा साडेसात. डब्यात खाल्लंत, अगदी च्युइंगगम चघळलंत, तरी १०० दिरहम. बायकांच्या डब्यात चुकून चढलात तरी तेवढेच.

रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाऊ-पिऊ नका. हॉटेलं उघडी असतात, आत बसून जेवा. रोजा सुटण्याआधीच्या तासाभरात सगळं शहर घराकडे सुटतं, तेव्हा रस्त्यावर न पडलेलं बरं. ३१ डिसेंबरला बुर्ज खलिफाची आतषबाजी बघायची तर दुपारीच पोचा, संध्याकाळी तिथलं मेट्रो स्टेशन बंद करतात.

गणपती घरात खुशाल बसवा. पण वर्गणी हा शब्द विसरा. परवाना असलेल्या संस्थेशिवाय कुणालाही देणग्या गोळा करता येत नाहीत. त्यात मंडळाची पावती आली, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचा व्हॉट्सॲप मेसेजही आला. स्वतःचे पैसे घरी पाठवा, दुसऱ्याकडून जमवू नका. ढोलताशा नाही, आरतीला टाळ पुरे आणि दार लावून. समुद्रात किंवा खाडीत विसर्जन चालत नाही, म्हणून मूर्ती शाडूची आणि बादलीत पूर्ण बुडेल एवढीच घ्या, सहा ते नऊ इंच. विरघळायला एखादा दिवस लागतो. खाली बसलेला गाळ सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. बाल्कनीतल्या कुंडीत घाला.