विकिपीडियावर लिहिलेलं उडवलं तर काय करायचं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण मराठी विकिपीडियावर कोणालाही लिहिता येतं एवढंच सांगितलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आलेत. सगळ्यांना जागा नाही, निवडक घेतेय.

प्रश्न : आमच्या गावाच्या लेखात मी महादेवाच्या देवळाची माहिती टाकली होती. देऊळ हेमाडपंती आहे, पांडवांनी एका रात्रीत बांधलं, पंचक्रोशीत जागृत देवस्थान म्हणून प्रसिद्ध आहे, असं सगळं. दुसऱ्या दिवशी बघतो तर साफ उडवलेलं. कोण हे लोक, यांना अधिकार दिला कोणी? (निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : सर, राग येणं साहजिक आहे, मेहनत केलीत तुम्ही. पण आधी हे सांगते की तुमचा मजकूर कुठेही गेलेला नाही. लेखाच्या वर 'इतिहास पहा' म्हणून असतं, ते उघडलं की पहिल्या दिवसापासूनचा एकेक बदल तारीख-वेळेसकट दिसतो, त्यात तुमचाही असेल आणि ज्यांनी काढला त्यांनी शेजारी कारणही लिहिलं असेल, बहुतेक 'संदर्भ नाही' असंच. ही माणसं म्हणजे तुमच्याआमच्यासारखीच, नोकरीधंदा सांभाळून फुकट काम करणारी. प्रचालक म्हणून थोडे जण असतात, त्यांना पान डिलीट करणं, कोणाला ब्लॉक करणं असं जास्तीचं काही करता येतं, पण कोणाचं खरं आणि कोणाचं खोटं हे ठरवायचा खास हक्क त्यांनाही नाही. तो ठरतो संदर्भावर.

आता मजकुराबद्दल. हेमाडपंती म्हणजे हेमाडपंताच्या नावाने ओळखली जाणारी दगडी बांधणी, आणि हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या यादवांचा मंत्री, १३व्या शतकातला. अंबरनाथचं शिवमंदिर बघा, तिथे शिलालेख आहे शके ९८२ चा म्हणजे इ.स. १०६०, शिलाहारांच्या काळातला, हेमाद्रीच्या चांगला दोनशे वर्षं आधीचा, आणि तरी लोक त्यालाही बिनधास्त हेमाडपंती म्हणतात. आपल्याकडे दगडी देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायची सवयच झालीय आणि मराठी विकिपीडियावरच्या गावांच्या लेखांत तर हा शब्द जागोजागी सापडतो, मला हे खरंच खटकतं कारण त्यामुळे देवळाचं खरं वय कोणी शोधायलाच जात नाही. तुमचं देऊळ असेलही यादवकालीन, पण तसं कोणत्या अभ्यासकाने कुठे लिहिलंय ते द्यावं लागेल. पांडवांची गोष्टही टाकून द्यायची नाही हं, 'अशी आख्यायिका सांगितली जाते' म्हणून ती लेखात येऊ शकते, फक्त ती छापलेली कुठे आहे ते सांगायचं. 'जागृत' हा शब्द मात्र वगळा, तो श्रद्धेचा भाग आहे, ज्ञानकोशात बसत नाही.

मग करायचं काय? तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या ग्रंथालयात जा आणि गॅझेटिअर, म्हणजे सरकारने काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, मागा. इंग्रजांनी काढलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा साताऱ्याचा खंड १८८५ चा आहे, त्यात गावं, देवळं, यात्रा, बाजाराचे वार यांची माहिती आहे, नंतर राज्य सरकारनेही जिल्ह्यांची नवी गॅझेटिअर काढली. स्थानिक इतिहासाची पुस्तकं बघा, वर्तमानपत्रातली यात्रेची बातमी चालते, पुरातत्त्व खात्याचं काही छापील असेल तर फारच उत्तम. आणि मग असं लिहा : 'गावात महादेवाचे जुने दगडी मंदिर आहे. चैत्रात यात्रा भरते.' दोनच वाक्यं, पण प्रत्येकाच्या शेवटी पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष आणि पान नंबर. पान नंबर विसरू नका, पाचशे पानी खंडाचं नुसतं नाव दिलं तर दुसरा माणूस तपासणार कसा? ही दोन वाक्यं टिकतील, आधीचा अख्खा परिच्छेद टिकणार नाही. आणि एक, विकिपीडियावरूनच मजकूर उचललेल्या वेबसाइटचा संदर्भ देऊ नका, अशा खूप आहेत, तिथे आपलंच लिहिलेलं फिरून आपल्याकडे पुरावा म्हणून येतं.

ज्यांनी काढलं त्यांच्याशी उलटसुलट खोडाखोडी करत बसू नका, त्यात दोघंही ब्लॉक व्हायची वेळ येते. लेखाच्या चर्चा पानावर लिहा की मला अमुक पुस्तक मिळालंय, हे वाक्य घालू का, आणि खाली चार टिल्ड चिन्हं टाका, नाव-तारीख आपोआप उमटते. उत्तर नाहीच आलं तर चावडीवर विचारा, चावडी म्हणजे सगळ्यांनी मिळून बोलायचं पान. सराव करायला धूळपाटी आहे, तिथे काहीही मोडलं तरी कोणी रागवत नाही.

प्रश्न : देवळाचे, घाटाचे, जुन्या वाड्यांचे फोटो माझ्याकडे भरपूर आहेत. लिहायला जमत नाही, नुसते फोटो दिले तर चालतील का? (वाई)

उत्तर : चालतील काय, हवेच आहेत! स्वतः काढलेले विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक साठ्यावर, चढवा, तिथून कोणत्याही भाषेच्या विकिपीडियाला ते वापरता येतात. फक्त आधी समजून घ्या की एकदा दिले की तुमचं नाव देऊन कोणीही ते वापरू शकतं, पुस्तकात छापून विकूसुद्धा शकतं. व्हॉट्सॲपवर आलेले किंवा गूगलवर सापडलेले फोटो अजिबात नको. आणि फोटोखाली गावाचं नाव, तालुका, कधी काढला एवढं तरी लिहाच, नाहीतर नुसत्या 'जुनं मंदिर'चा कोणाला उपयोग?

प्रश्न : माझे आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते, त्यांच्यावर लेख लिहायचाय. नातवाने लिहिलेला चालेल? (पुणे)

उत्तर : आपल्याच माणसावर स्वतः लिहू नये असं विकिपीडिया सांगतं आणि मलाही ते पटतं, कारण मायेने लिहिताना हात आपोआप सुटतो. आजोबांबद्दल घराबाहेरच्या कोणी पुस्तकात, वर्तमानपत्रात सविस्तर लिहिलंय का ते आधी शोधा. असेल तर ते सगळं गोळा करून, तुमचं नातं उघड सांगून, चर्चा पानावर ठेवा, दुसरं कोणी लिहील. काहीच छापील नसेल तर स्वतंत्र लेख टिकणार नाही, पण म्हणून गप्प बसू नका, त्यांच्या आठवणी, पत्रं आधी कुठेतरी छापून आणा, एखाद्या इतिहास मंडळाला द्या. ते काम विकिपीडियापेक्षाही आधी व्हायला हवं.

प्रश्न : केतकरांच्या ज्ञानकोशातला मजकूर कॉपी-पेस्ट केला तर कॉपीराइटचा प्रॉब्लेम येतो का? (बी.ए. चा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : कॉपीराइटचा नाही. श्री. व्यं. केतकर १९३७ साली गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे ते कधीच संपलेत. पण जसंच्या तसं चिकटवू नकोस रे. २३ खंडांचं प्रचंड काम आहे ते, पण माहिती शंभर वर्षांपूर्वीची, लोकसंख्या जुनी, जातींबद्दलची काही वर्णनं तर आज कोणी लिहिणार नाही अशी. संदर्भ म्हणून दे, वर्ष सांग, आणि आपल्या शब्दांत लिही. नव्या पुस्तकांतलं, वर्तमानपत्रांतलं मात्र एक परिच्छेदही उचलायचा नाही.

प्रश्न : याचे पैसे मिळतात का?

उत्तर : नाही. एखाद्या कंपनीने किंवा पुढाऱ्याने पैसे देऊन लिहून घेतलं तर लिहिणाऱ्याने ते जाहीर करावं लागतं, तसा नियमच आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, इथे मराठी ग्रंथालय नाही, संदर्भ कुठून आणू? (एक वाचक)

उत्तर : ताई, तुमच्यासाठी विकिस्रोत आहे. जुनी, हक्क संपलेली मराठी पुस्तकं तिथे स्कॅन करून ठेवतात, त्यांचा संदर्भ घरबसल्या देता येतो, आणि ती तपासायला तुम्हाला मदतही करता येईल. कॉम्प्युटर त्यातली अक्षरं ओळखतो पण जोडाक्षरांत, रफारात, अनुस्वारांत खूप घोळ घालतो, ते माणसालाच बघावं लागतं. एका बाजूला स्कॅन, दुसऱ्या बाजूला मजकूर, ओळीओळीने जुळवत जायचं. तुम्ही तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्या कोणी पुन्हा तपासलं की हिरवं, स्वतःचंच पान स्वतः हिरवं करता येत नाही. जुनं मराठी वाचायची आवड असेल तर रोज एखादं पान सहज होईल, आणि मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर बसा, दोन्ही बाजू नीट दिसतात.