वाचक विचारतात : रिमोटवर नसलेली बटणे

प्रश्न : गुहागरजवळ आमच्या वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि एक साउंडबार आहे. मेहुण्यांनी कुवेतहून ‘वन फॉर ऑल’चा युनिव्हर्सल रिमोट आणून दिला, तेव्हा त्यातील एका बटणावर मी ‘सर्व बंद’ अशी साखळी, म्हणजे एका दाबात ओळीने जाणाऱ्या आज्ञा, बसवली. परंतु वीज जाऊन परत आली की बॉक्स आपोआप चालू होतो आणि टीव्ही मात्र बंद राहतो. त्यानंतर ते बटण दाबले, तर बॉक्स बंद होतो आणि टीव्ही चालू होतो. चालू आणि बंद यांचे स्वतंत्र कोड टीव्हीत लपलेले असतात, असे ऐकले. ते शोधायचे कसे?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. आपल्या साखळीत चूक नाही, ‘पॉवर’ या बटणातच गोम आहे. त्या बटणातून निघणारा कोड टीव्हीला ‘बंद हो’ असे सांगत नाही, तर ‘आता जसा आहेस त्याच्या उलट हो’ एवढेच सांगतो. तिन्ही उपकरणे एकाच स्थितीत असतील तोवर हे खपून जाते. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरीपासून विजेचा लपंडाव सुरू झाला की ती स्थिती टिकत नाही, कारण वीज परतल्यावर कोणते उपकरण जागे होईल आणि कोणते झोपून राहील, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलेले असते.

ज्यांना आपण लपलेले कोड म्हणतो ते कोणी मुद्दाम दडवलेले नसतात. टीव्हीसोबत मिळणाऱ्या रिमोटवर चाळीस-पन्नास बटणे असतात, पण टीव्ही त्याहून कितीतरी अधिक आज्ञा ओळखतो. कारखान्यातील तपासणी, हॉटेलांतील जोडणी आणि महागडे नियंत्रक बसवणारे कारागीर यांच्यासाठी त्या ठेवलेल्या असतात. घरच्या माणसाला चालू-बंदसाठी एक बटण पुरते, या हिशेबाने त्यांची बटणे रिमोटवर येत नाहीत.

शोधाला बसण्यापूर्वी दोन प्रकारच्या क्रमांकांची गल्लत टाळावी. पहिला सेटअप कोड, म्हणजे रिमोटच्या पुस्तिकेत कंपनीच्या नावापुढे छापलेला चार-पाच आकडी क्रमांक. तो टाकल्याने रिमोटने कोणत्या भाषेत बोलायचे आणि कोणत्या पत्त्यावर बोलायचे, हे ठरते. दुसरा फंक्शन कोड, म्हणजे त्या पत्त्यावर नेमकी कोणती आज्ञा पाठवायची त्याचा क्रमांक. आपल्याला हवा आहे तो हा दुसरा. आवाज, चॅनेल आणि आकडे व्यवस्थित चालत असतील, तर आपला सेटअप कोड बरोबर आहे असे समजावे आणि त्याला हात लावू नये.

आता किती क्रमांक चाळावे लागतील ते पाहू. रिमोटची भाषा म्हणजेच त्याची संदेश पाठवण्याची पद्धत. फिलिप्सच्या मूळ आरसी-५ पद्धतीत आज्ञेसाठी सहा बिट (बिट म्हणजे ० किंवा १ अशी एक खूण) आहेत, म्हणजे ६४ आज्ञा. सोनीच्या पद्धतीत सात बिट, म्हणजे १२८. एलजीसह अनेक कंपन्या वापरतात त्या एनईसी पद्धतीत आठ बिट, म्हणजे २५६. समुद्रात सुई शोधण्याइतके हे काम अवघड नाही; एका दुपारीत उरकण्याजोगे आहे.

शिवाय कंपन्या हे क्रमांक उधळल्यासारखे वाटत नाहीत, शेजारी शेजारी ठेवतात. सोनीच्या टीव्हीत चॅनेल वर-खाली १६ आणि १७, आवाज वर-खाली १८ आणि १९, आवाज बंद २०, आणि नेहमीचे उलटसुलट पॉवर २१. स्वतंत्र ‘चालू’ ४६ वर आहे आणि ‘बंद’ ४७ वर. एलजीच्या टीव्हीत चॅनेल ० आणि १, आवाज २ आणि ३, पॉवर ८, आवाज बंद ९, तर ० ते ९ हे आकडे १६ ते २५ या क्रमांकांवर बसवलेले आहेत. तेथे स्वतंत्र ‘चालू’ १९६ आणि ‘बंद’ १९७ आहे. त्याच परिसरात २०६ वर थेट पहिले एचडीएमआय आणि २०४ वर दुसरे सापडते. म्हणून माहीत असलेली बटणे आधी वहीत मांडावीत आणि मधल्या रिकाम्या जागा मग तपासाव्यात. जोडीतला एक सापडला की दुसरा बहुधा त्याच्या उंबऱ्याशीच असतो.

आपल्या रिमोटच्या बाबतीत एक खोच आहे. ‘वन फॉर ऑल’च्या रिमोटवर आपण जो तीन आकडी फंक्शन कोड टाकतो, तो टीव्हीचा मूळ क्रमांक नसून त्याची उलटापालट करून तयार केलेला क्रमांक असतो. तो ००० ते २५५ यांच्यात असतो, पण १९६ आणि १९७ असे लागून येत नाही. त्यामुळे वर दिलेले आकडे त्यात जसेच्या तसे टाकून उपयोग नाही. तेथे सर्व २५६ क्रमांक ओळीने चाळणे हाच सरळ मार्ग आहे. बहुतेक मॉडेलांत रीत अशी : आधी टीव्हीचे बटण दाबावे, नंतर सेटअपचे किंवा ‘मॅजिक’चे बटण दिवा दोनदा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे, ९९४ टाकावे, पुन्हा सेटअप दाबावे, तीन आकडी क्रमांक टाकावा आणि ज्या बटणावर तो बसवायचा ते बटण दाबावे. दिवा दोनदा लुकलुकला की क्रमांक बसला. एका क्रमांकाला पंधरा सेकंद धरले, तर संपूर्ण फेरीला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. बसवण्यासाठी लाल किंवा हिरवे असे फारसे न लागणारे बटण निवडावे.

प्रत्येक क्रमांक दोनदा तपासावा लागतो, एकदा टीव्ही चालू असताना आणि एकदा झोपलेला असताना. येथेच बहुतेक जण फसतात. टीव्ही चालू असताना ‘चालू’चा कोड पाठवला, तर पडद्यावर काहीही होत नाही आणि आपण वहीत त्यापुढे फुली मारून पुढे जातो. कसोटी अशी लावावी : बंद टीव्हीवर बटण दाबताच तो चालू झाला, की लगेच थांबू नये, तेच बटण पुन्हा दाबावे. टीव्ही चालूच राहिला तर तो खरा ‘चालू’. बंद झाला तर ते जुनेच उलटसुलट पॉवर दुसऱ्या दाराने आले, असे समजावे. वहीत क्रमांक, टीव्हीची स्थिती आणि परिणाम असे तीन रकाने आखावेत, आणि परिणामाच्या रकान्यात ‘काही नाही’ हेसुद्धा लिहावे, नाहीतर दुपारच्या चहानंतर कोठपर्यंत आलो होतो तेच आठवत नाही.

आता सावधगिरी, आणि ही मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी मी घरच्या टीव्हीवर अशीच फेरी मारत होतो. एका क्रमांकावर पडद्याच्या कोपऱ्यात लहान अक्षरांचा तक्ता उघडला. उत्सुकतेपोटी मी बाणाचे बटण चार वेळा दाबले आणि टीव्ही हॉटेलच्या पद्धतीत गेला : आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाईना, चॅनेल शोधण्याची सोय मेनूतून नाहीशी झाली, आणि मुंबईहून आलेली चाकरमानी मंडळी आरतीनंतर टीव्हीपुढे येऊन बसली ती मूकपटच पाहत. तेव्हापासून अनोळखी तक्ता उघडला की मी कशालाही हात न लावता भिंतीवरचा स्विच बंद करतो. विशेषतः पॅनेलचा प्रकार किंवा ‘टूल ऑप्शन’ अशी ओळ दिसली, तर तेथील आकडा मुळीच बदलू नये, कारण चुकीचा आकडा बसला तर चित्र उलटे दिसणे किंवा अजिबात न दिसणे, दोन्ही घडू शकते. एलजीच्या टीव्हीत मूळ क्रमांक २५० ते २५५ हा पट्टा कारखान्याच्या कामासाठी आहे. २५१ आणि २५५ यांनी दुरुस्तीचे मेनू उघडतात, तर २५० ने टीव्ही कारखान्यातून निघाला त्या स्थितीला जाण्याचा संभव असतो. ज्या रिमोटवर मूळ क्रमांक थेट पाठवता येतात, त्यावर हा पट्टा वगळावा.

आणि समजा, सगळी फेरी करूनही ‘बंद’ सापडला नाही, तर एक जुनी युक्ती आहे, आणि मला तर ती कोडांपेक्षाही आवडते. अनेक टीव्ही झोपलेले असताना आकड्याचे किंवा चॅनेलचे बटण दाबले की जागे होतात, आणि आधीच जागे असतील तर केवळ चॅनेल बदलतात. म्हणजे ते बटण हाच आपला ‘चालू’. साखळीत आधी ते बटण, मग टीव्ही पूर्ण उजळेपर्यंत आठ-दहा सेकंदांचा थांबा, आणि शेवटी उलटसुलट पॉवर ठेवले, की कोणत्याही स्थितीतून निघून टीव्ही बंदच होतो. क्षणभर उजळून विझतो खरा, पण रिकाम्या खोलीत त्याचे कोणाला काय! पाहुणे उतरलेल्या खोलीत मात्र रात्री ही साखळी चालवू नये.

प्रश्न : माझा रिमोट दुसऱ्या रिमोटकडून कोड शिकतो. मग क्रमांक चाळत बसण्याची गरज काय?
— एक वाचक, देवगड

उत्तर : शिकणारा रिमोट पोपटासारखा असतो, ऐकलेले तेवढेच बोलतो. मूळ रिमोटवर जे बटणच नाही, ते त्याला कोण ऐकवणार? ऐकवणारा दुसरा मिळाला, तर मात्र हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. काही मोबाइलच्या माथ्यावर इन्फ्रारेड दिवा असतो. शाओमीच्या अनेक रेडमी फोनांवर तो आहे. अशा फोनवरील ज्या ॲपमध्ये हवा तो कोड टाकून पाठवता येतो, त्यातून कोड सोडावा, आपला रिमोट शिकण्याच्या स्थितीत समोर धरावा, आणि एकदा शिकला की फोन बाजूला ठेवावा.

शाळकरी मुलांना यात गोडी असेल, तर अर्डुइनोची पाटी (म्हणजे संगणकाला जोडून हवे ते काम शिकवता येणारा छोटा सर्किट बोर्ड), एक इन्फ्रारेड एलईडी आणि तीन पायांचा ३८ किलोहर्ट्‌झचा ग्राहक, म्हणजे रिमोटचा झोत पकडणारा रिसीव्हर, एवढ्यावर हेच काम होते. ग्राहकासमोर मूळ रिमोट दाबला की संगणकावर पत्ता आणि आज्ञा आकड्यांत दिसतात, आणि वर सांगितलेला नकाशा पाच मिनिटांत तयार होतो. एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता, आणि त्यानंतर पत्ता, उलटा पत्ता (० च्या जागी १ आणि १ च्या जागी ०), आज्ञा, उलटी आज्ञा असा क्रम असतो. उलटी प्रत सोबत पाठवल्यामुळे वाटेत एखादा बिट बिघडला तर टीव्ही ती आज्ञा मानतच नाही. सोनीसाठी मात्र तोच संदेश किमान तीनदा, सुमारे ४५ मिलिसेकंदांच्या अंतराने पाठवावा लागतो. एकदाच पाठवून ‘हा कोड चालत नाही’ असा निष्कर्ष काढणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

प्रश्न : आमचे घर मालवणात अगदी किनाऱ्याला लागून आहे. क्रमांक चाळताना एकच क्रमांक कधी चालतो, कधी नाही. हे कोडचे दोष आहेत का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : नाही, ही खाऱ्या हवेची करामत आहे. सेलच्या डब्यातील स्प्रिंगवर हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पुटे आली आहेत का, ते आधी पाहावे. अल्कलाइन सेल गळला असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसावे. साधा स्वस्त झिंक-कार्बन सेल गळला असेल तर व्हिनेगर नको, कारण त्याची गळती मुळात आम्लधर्मी असते. तेथे पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा वापरावा, आणि दोन्ही वेळी जागा पूर्ण कोरडी करूनच नवे सेल घालावेत. बटणांखालचे काळे रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसावे, नखाने खरवडू नये. नंतर रिमोटचे तोंड मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा झोत तेथे जांभळट लुकलुकताना दिसतो. प्रत्येक वेळी सारखाच लुकलुकला, तरच शोधाला बसावे.

सेल काढण्यापूर्वी वही जवळ असू द्यावी. जुन्या काही रिमोटांत बसवलेले कोड सेल काढताच पुसले जातात.

प्रश्न : याच रीतीने एसीचे लपलेले कोड सापडतील का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. एसीचा रिमोट एकेक बटण पाठवत नाही. तापमान, पंख्याचा वेग, पद्धत (मोड) आणि चालू की बंद, असा सगळा गोषवारा तो प्रत्येक वेळी एकत्रच पाठवतो, म्हणून तर त्याला स्वतःचा पडदा असतो. त्यामुळे एसीचा ‘बंद’ मुळातच स्वतंत्र असतो. तो शिकणाऱ्या रिमोटला सरळ शिकवावा. मात्र एसीचा संदेश लांबलचक असल्याने स्वस्त रिमोटांच्या स्मृतीत तो मावत नाही, तेव्हा घेण्यापूर्वी दुकानातच करून पाहावे.