टाके वाकडे येतात? आधी सुरीकडे बघा

सांगलीतल्या विश्रामबागच्या मित्राने विचारलंय: चामडकामाचं ऑनलाइन किट मागवून दोन पाकिटं केली, टाके वाकडे येतात, कडा भुसभुशीत दिसतात, आता पुढचं कुठलं हत्यार घेऊ?

कुठलंच नको. तुमचे टाके शिवताना बिघडलेले नाहीत, त्याआधीच बिघडलेत. बोथट सुरी चामडं कापत नाही, ओढते. मग कड नागमोडी होते, आणि त्याच कडेवरून मोजून आखलेली शिलाईची रेघही तशीच. चामड्याच्या पट्टीवर धार लावायचं हिरवं पॉलिश चोळा, पातं त्यावर मागे ओढत घासा. कधीही पुढे ढकलू नका, पट्टीच कापली जाईल. कापताना पोलादी पट्टी कामाच्या भागावर ठेवा, म्हणजे सुरी निसटली तरी टाकाऊ बाजूलाच जाते. एका दमात आरपार जायचा हट्ट नको, दोन-तीन हलके हात मारा.

आता पाकीट उलटं करून बघा. पुढून सरळ आणि मागून वेडीवाकडी भोकं असतील, तर छिन्नी, म्हणजे भोकं पाडायचं दातेरी हत्यार, तिरकी धरली गेलीय. छिन्नीचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात बसवा, लाकडी हातोडा वापरा, खाली जाड चामड्याचा तुकडा घ्या. स्वयंपाकाच्या ओट्यावर ठोकाल तर दात जातील, शिवाय घरच्यांची बोलणी वेगळी.

शिवताना दोन सुया, एकच दोरा. दोरा शिलाईच्या साधारण चौपट लांब घ्या. दर भोकात आधी तीच सुई, आणि दुसरी सुई दोऱ्याच्या त्याच बाजूने. हा क्रम एकदा जरी उलटला तरी तो टाका लगेच वेगळा दिसतो. दोन्ही हातांनी सारखंच ओढा. मशीनची शिलाई एकदा तुटली की उसवत जाऊ शकते, ही सहसा उसवत नाही.

कडांचं कारण बहुतेक चामडंच आहे. किटमध्ये बरेचदा क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं मऊ चामडं येतं. कापलेल्या कडेत मध्यभागी निळसर-करडी झाक दिसली तर तेच समजा. ते कितीही घासा, चकाकणार नाही. कड दुमडा किंवा कडेचा रंग लावा. झाडाच्या सालीवर कमावलेलं असेल तर पॉलिश पेपर मारून, किंचित ओलं करून, गुळगुळीत लाकडाने घासलं की कड काचेसारखी होते.

असं चामडं शोधायला लांब जायला नको. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरड्यावरच कमावतात, आणि २०१९ साली त्या चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सांगली-सातारा जिल्हेही आहेत. विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी मोटेची कामं विहिरीवर इंजिनं आली तशी गेली, पण चपला करणारे हात आहेत अजून. अशा कारागिराकडे जा, कातरण विकत मागा, आणि त्याची रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, कशी चालते ते बघत बसा. व्हिडिओत मनगट दिसत नाही. फक्त फुकट बसू नका; आपला हा छंद, त्यांचं पोट आहे. एक जोड तरी घ्या.

तिसरं पाकीट इतक्यात नको. खिसे, थर, कोपरे यांत एकच गोष्ट सुधारायला मिळत नाही. साधारण तीन मिलिमीटर जाडीचा कमरपट्टा करा: लांब सरळ काप, लांब सरळ शिलाई. पट्टा पाठीकडच्या चामड्याचा घ्या, पोटाकडचं ताणतं. झाला की फोटो टाका, मागच्या बाजूचाही.