वाचक विचारतात : प्रशिक्षण झालं, आता वर्गात काय करू?

प्रश्न : मी बरीच वर्षं गणित शिकवते. शाळेत डिजिटल फळा बसला आणि पाठोपाठ आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण उरकलं. सरांनी भराभर अ‍ॅप्स दाखवली, आम्ही वहीत बटणांची नावं उतरवून घेतली, शेवटी प्रमाणपत्र मिळालं. एका स्लाइडवर चार पायऱ्यांची शिडी होती. फळ्यावर नुसती पुस्तकाची पीडीएफ उघडणारे शिक्षक सगळ्यात खालच्या पायरीवर, असं सांगितलं. मी तिथेच आहे. वर कशी चढू?

उत्तर : बाई, आधी ती शिडी बाजूला ठेवा. रुबेन प्वेन्तेदुरा या शिक्षणतज्ज्ञांची ही मांडणी ‘सॅमर’ या नावाने ओळखली जाते. जुन्या साधनाच्या जागी नवं आणणं, त्यात थोडी भर घालणं, कामाचं स्वरूप बदलणं आणि तंत्राशिवाय जमलंच नसतं असं काम उभं करणं, या तिच्या चार पायऱ्या. आपण नेमकं काय करतोय हे अधूनमधून तपासायला ती बरी आहे. प्रशिक्षणांत मात्र तिचं गुणपत्रक होतं आणि चांगल्या शिक्षिकांना उगाच अपराधी वाटायला लागतं. पीडीएफ मोठी करून दाखवल्यामुळे मागच्या बाकावरच्या मुलाला आकृतीतला कोन नीट दिसला असेल, तर त्या तासापुरतं काम झालं.

मला खटकलं ते वेगळंच. तुमच्या पत्रात बटणं आहेत, अ‍ॅप्स आहेत, शिडी आहे. गणित कुठेच नाही. त्या दोन दिवसांत एखादा घटक उघडून ‘मुलं इथे अडखळतात’ असं कुणी म्हणालं होतं का? शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं होतं की, विषय येणं आणि शिकवता येणं यांच्या पलीकडे शिक्षकाकडे आणखी एक ज्ञान असतं : हा विषय या मुलांपुढे कसा मांडायचा आणि ती नेमकी कुठे गडबडतील याचं. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्राची भर घातली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की विषय, अध्यापन आणि तंत्र या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळूनच कळतात. तंत्र तेवढं सुटं काढून शिकवलं तर ते सुटंच राहतं. तुमचं नेमकं हेच झालंय.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घेते. जिओजेब्रा हे पडद्यावर आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर बहुधा तुम्हाला दाखवलं असेल. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात त्यावर काम सुरू केलं. ते मोफत मिळतं. त्यात त्रिकोण काढायचा, तिन्ही कोनांची मापं दाखवायची, एक शिरोबिंदू धरून ओढायचा. मापं बदलत राहतात, बेरीज १८०च येते. प्रशिक्षणात इथे टाळ्या पडतात आणि पुढचं अ‍ॅप सुरू होतं.

वर्गात काय होतं बघा. मापं पूर्णांकात दाखवायची ठेवली आहेत. शिरोबिंदू एका जागी थांबतो. पडद्यावर ६०, ६० आणि ५९. एखादी चौकस मुलगी बोटांवर बेरीज करते आणि म्हणते, ‘बाई, १७९ आले!’ आता? ‘मशीनची चूक आहे, पुढे चला’ म्हणालात तर तंत्रही गेलं आणि गणितही. याउलट तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन एक दशांश स्थळ वाढवलंत, तर ६०.४, ६०.४ आणि ५९.२ दिसतात. बेरीज बरोबर १८०. तिन्ही संख्या पूर्णांकात आणताना खाली उतरल्या आणि प्रत्येकीची थोडी थोडी शेपूट कापली गेली. मग वर्गालाच विचारा : पडद्यावर बेरीज १८१ येईल असे कोन शोधता येतील का? मुलं तुटून पडतील. आणि त्यानंतरचा खरा प्रश्न : आपण कितीही त्रिकोण ओढून पाहिले, तरी सगळ्या त्रिकोणांबद्दल खात्री कशी देणार? इथे पडदा बंद करा, खडू घ्या आणि शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. सिद्धता खडूनेच उत्तम होते, असं माझं ठाम मत आहे.

हे तुमच्या बटणांच्या वहीत नसणार. स्वतः मुलाच्या जागी बसून, आकृती मुद्दाम वेडीवाकडी ओढून पाहिल्यावरच ते सापडतं. म्हणून वर चढायचं सोडा. एका सत्रासाठी, मुलं दरवर्षी जिथे अडतात असा एकच घटक निवडा आणि त्यासाठी एकच साधन. तासाच्या टाचणात अ‍ॅपच्या नावाआधी हे लिहा : कोणत्या क्षणी पडदा थांबवणार आणि तेव्हा काय विचारणार. मग गणिताच्याच एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवा. त्याने तुमच्याकडे बघायचं नाही. मुलं काय म्हणाली, कुठे गोंधळली, एवढंच टिपायचं. ते टिपण घेऊन दोघांनी पुढचा तास दुरुस्त करायचा. दोन दिवसांच्या शिबिरात न मिळालेलं प्रशिक्षण ते हेच.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. यंदा शिक्षकांच्या तंत्रज्ञान प्रशिक्षणासाठी थोडी रक्कम राखून ठेवली आहे. बाहेरून नावाजलेला तज्ज्ञ बोलवावा, की शाळेतल्याच कॉम्प्युटर चांगलं येणाऱ्या तरुण शिक्षकाकडे काम सोपवावं?

उत्तर : सर, तज्ज्ञाला बोलवा, पण सगळी रक्कम त्याच्या एका दिवसावर उडवू नका. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स हे शिक्षण-संशोधक १९८० च्या दशकापासून सांगत आले की, व्याख्यान, प्रात्यक्षिक आणि थोडा सराव एवढ्यावर नवी पद्धत क्वचितच वर्गापर्यंत पोचते. ती पोचते शिक्षकाला त्याच्या वर्गात सोबत मिळाली, म्हणजे कुणी तास पाहून त्यावर त्याच्याशी बोललं, तर. पुढे २०१८ मध्ये मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी अशा सोबतीवरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्यात चांगली सुधारणा दिसली, मुलांच्या निकालात त्याहून कमी पण सुधारणा होतीच. मात्र कार्यक्रम मोठा होत गेला तसा परिणाम ओसरत गेला. म्हणजे सगळ्या शिक्षकांना एकदम जुंपण्यापेक्षा ज्यांना मनापासून हवंय अशा चौघा-पाचजणांपासून सुरुवात करा.

पैशापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं. एकाच विषयाच्या दोन शिक्षकांना आठवड्यात एक मोकळा तास एकाच वेळी मिळेल असं करा. शाळा सुटल्यावर ‘जरा बसा’ म्हणालात, तर कुणी बसणार नाही, आणि का बसावं? दुसरं, एकमेकांच्या तासाची टिपणं तुमच्या टेबलावर येऊ देऊ नका. ती गोपनीय अहवालाला जोडली जातील अशी शंका जरी आली, तरी प्रत्येकजण सहकाऱ्याला आपला पाठ केलेला तास दाखवेल.

त्या तरुण शिक्षकाबद्दल एक विनंती. असे शिक्षक वर्षभरात शाळेचे वायरमन होतात. या वर्गातला आवाज येत नाही, त्या वर्गातला पासवर्ड विसरला. दुरुस्तीला वेगळा माणूस नेमा आणि याच्याकडून शिकवण्यातली सोबत घ्या.

जाता जाता, प्रशिक्षणानंतर भरून घेतात त्या अभिप्राय-फॉर्मवर माझा काडीचा विश्वास नाही. बोलणारा गमत्या असला आणि चहा वेळेवर आला, की सगळे ‘उत्कृष्ट’वर खूण करतात. त्यापेक्षा महिन्याभराने एखाद्या तासाला जाऊन बसा.

प्रश्न : मी नुकतीच नोकरीला लागले. विज्ञानाच्या प्रत्येक तासाला ऑनलाइन क्विझ घेते. मुलं आरडाओरडा करतात, गुणांसाठी चढाओढ लागते. पण चाचणीत तीच मुलं तेच प्रश्न चुकतात. असं का?

उत्तर : कारण त्या खेळात पटकन बोट दाबणारा जिंकतो. आधी वेळेची मर्यादा आणि नंबर लावणं बंद करा. मग प्रश्न कमी करा, तासाला एक-दोन पुरेत, पण असे, की ज्यांत चुकीचं उत्तरही पटण्यासारखं वाटेल. उदाहरणार्थ, दिव्यातून जाण्याआधी वीजप्रवाह जास्त असतो की नंतर? बरीच मुलं ‘आधी’ म्हणतात, कारण दिवा प्रवाह ‘खातो’ असं त्यांना वाटतं.

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून रुजवलेली पद्धत वापरून पाहा. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने गप्प बसून उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चेला खरा रंग चढतो. त्याहून कमी आली तर तुम्हीच पुन्हा समजवायचं. दिव्याच्या प्रश्नाचा निकाल शेवटी कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या मोफत सिम्युलेशनवर लावा. दिव्याच्या दोन्ही बाजूंना प्रवाह मोजणारा अमीटर जोडा, आकडा सारखाच दिसेल. उत्तरं गोळा करायला अ‍ॅप असलं तर सोय, नसलं तर ‘अ’, ‘ब’, ‘क’ लिहिलेली कार्डं वर धरायला सांगा.

प्रश्न : एआयकडून स्वाध्याय-पत्रिका बनवून घेतल्या तर चालेल का? आमच्यात यावरून दोन तट पडलेत.

उत्तर : चालेल. फक्त वाटण्याआधी प्रत्येक प्रश्न पेनाने स्वतः सोडवा. चुकीचं उत्तरही एआय इतक्या आत्मविश्वासाने देतं, की नुसतं वाचताना ते सुटून जातं. बहुपर्यायी प्रश्नांतले चुकीचे पर्याय तर हमखास बदलावे लागतात. तुमची मुलं कोणत्या चुका करतात हे त्याला ठाऊक नाही. मुलांची नावं, गुण, वह्यांचे फोटो त्यात टाकू नका. आणि लहान मुलांच्याच हातात ते द्यायचा विचार असेल, तर युनेस्कोच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेने वर्गातल्या वापरासाठी किमान वय १३ सुचवलंय, हे दोन्ही तटांना दाखवा.