ईएमडीआर: नुसते डोळे हलवून ट्रॉमा कसा काय कमी होतो? आणि थेरपिस्ट कसा निवडायचा?

तुम्ही लिहिलंय की अपघाताला दोन वर्षं झाली तरी तेच डोळ्यासमोर येतं, कुणीतरी ईएमडीआर सुचवलंय, पण डोळे हलवून काय होणार असं वाटतंय. मलाही अगदी हेच वाटलं होतं. माझाही अपघातच होता, करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला की अजून हातपाय गार पडायचे.

ईएमडीआर म्हणजे 'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग', नजर फिरवत जुन्या आठवणीचा त्रास कमी करायची थेरपी. ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रॅन्सिन शपिरो यांनी 1987च्या सुमाराला शोधली, आणि पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये तिची शिफारस केलीये. हे संमोहन नाही, तुम्ही पूर्ण शुद्धीत असता. अपघातातला सगळ्यात वाईट क्षण मनात धरायचा, त्रास 0 ते 10 मध्ये किती ते सांगायचं आणि थेरपिस्टची दोन बोटं डावी-उजवीकडे फिरतात त्यांच्या मागे नजर न्यायची, अर्ध्या मिनिटाने माझ्या थेरपिस्ट बाई थांबून विचारायच्या "आता काय येतंय?", मी म्हणायचो छातीत दडपण, त्या म्हणायच्या "तिथेच राहा", की परत बोटं सुरू. आठवण पुसली जात नाही हो, पण माझा 9 हळूहळू 2 वर आला. का होतं यावर अजून वाद आहेत, एक मत असं की आठवण धरणं आणि नजर फिरवणं ही दोन कामं एकदम करताना मेंदूची ओढाताण होते आणि चित्र फिकं पडतं.

आता थेरपिस्ट. आधी मूळ शिक्षण बघा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ आहे का. मग सरळ विचारा, ईएमडीआरचं ट्रेनिंग कुठल्या असोसिएशनच्या मान्यतेचं, सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली, केसेस केल्यात का. विचारायला लाजू नका, चांगला माणूस चिडत नाही. आणि पहिल्याच भेटीत कुणी थेट अपघातावर बोटं फिरवायला लागलं तर उठून या, खरंच. या पद्धतीचे आठ टप्पे आहेत, त्यात आधी तुमचा इतिहास घेणं, मन शांत करायचे उपाय शिकवणं, हात वर केला की थांबायचं हे ठरवणं हे सगळं येतं. माझे पहिले तीन सेशन त्यातच गेले.

स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, मध्येच भान हरपत असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, चालू गोळ्या मनाने बंद करू नका. सेशननंतर एक-दोन दिवस स्वप्नं वाढू शकतात, माझी वाढली होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी जमलं तर सुट्टी घ्या.